‘यस’ टाइप करण्याआधी

प्रिय बाळा,

क्लाउड ऑटोमेशनच्या टीममध्ये तुझी निवड झाली आणि तू फोनवर पहिलं विचारलंस, "आई, आता कुठलं सर्टिफिकेशन करू?" मी घाईत होते, काहीतरी बोलून मोकळी झाले. खरं उत्तर आता लिहिते.

मी या कामात आले तेव्हा नवा सर्व्हर मागवला की रॅकमध्ये बसेपर्यंत आठवडे जायचे. 2006 मध्ये अ‍ॅमेझॉनचं ईसीटू आलं, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने मिळणारे सर्व्हर, आणि तेच काम मिनिटांवर आलं. सर्व्हर कोड लिहून उभे करायची, सांभाळायची टूल्सही येत राहिली: पपेट, शेफ, 2012 मध्ये अ‍ॅन्सिबल, 2014 मध्ये टेराफॉर्म. दर वेळी वाटायचं, आता हेच कायमचं. 2023 मध्ये टेराफॉर्मचा परवाना बदलला आणि त्याच्याच आधीच्या कोडमधून ओपनटोफू वेगळं निघालं. टूल मन लावून शीक, सर्टिफिकेशनही कर. पण लिनक्समध्ये प्रोसेस का मरते, डीएनएसमधला (वेबसाइटच्या नावावरून सर्व्हरचा पत्ता देणाऱ्या यंत्रणेतला) बदल सगळीकडे पोचायला वेळ का लागतो, नेटवर्कचे छोटे भाग, म्हणजे सबनेट, कसे पाडतात, हे आधी पक्कं कर. रात्री तीनला अलर्ट येतो तेव्हा हेच हाताशी असतं.

आणि प्लॅन वाचायला शीक, म्हणजे बदल करण्याआधी टूल काय काय करणार याची जी यादी दाखवतं ती. हे मी फार महाग शिकले.

एका नोकरीत डेटाबेसचं एन्क्रिप्शन, म्हणजे साठवलेला डेटा कुलूपबंद ठेवणं, चालू करायचं होतं. कोडमध्ये एकच शब्द बदलायचा, ‘फॉल्स’चा ‘ट्रू’. टेराफॉर्मचा प्लॅन लांबलचक आला, बहुतेक ओळी टॅग बदलल्याच्या. मी भराभर खाली गेले आणि ‘यस’ टाइप केलं. मध्येच कुठेतरी ‘-/+’ अशी खूण होती आणि पुढे ‘मस्ट बी रिप्लेस्ड’. चालू डेटाबेसवर ते एन्क्रिप्शन नंतर चढवता येत नाही. म्हणून टूलने जुना डेटाबेस पाडला आणि नवा, कोरा उभा केला. मी सांगितलं होतं तेच त्याने केलं. वेगळ्या अकाउंटमध्ये आदल्या रात्रीचा बॅकअप होता म्हणून वाचलो. तरी त्या दिवसाच्या सगळ्या नोंदी गेल्या, आणि लोकांनी त्या हाताने पुन्हा भरल्या. त्यांचे दमलेले चेहरे मला अजून आठवतात.

मला कुणी रागावलं नाही. आमच्या सीनियरने शेजारी खुर्ची ओढली आणि प्लॅन पहिल्या ओळीपासून माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतला. मग आम्ही डिलीशन प्रोटेक्शन लावलं, म्हणजे डेटाबेस सहज पुसता येऊ नये असं कुलूप, आणि प्लॅनमध्ये एक जरी ‘डिस्ट्रॉय’ दिसला तरी दुसऱ्या माणसाच्या मंजुरीशिवाय बदल आपोआप लागू करणारी पाइपलाइन पुढे जाणार नाही, असं केलं. 28 फेब्रुवारी 2017 ला अ‍ॅमेझॉनच्या एसथ्री या डेटा साठवायच्या सेवेमध्ये एका कमांडला चुकीचा इनपुट गेला, हवे होते त्याहून जास्त सर्व्हर सेवेतून काढले गेले आणि सेवा सुमारे चार तास कोलमडली. त्यांनीही नंतर टूलच बदललं: सर्व्हर सावकाश काढले जावेत, आणि ठरावीक क्षमतेच्या खाली कुणालाच जाता येऊ नये. चूक झालीच तर तुझ्या टीममध्येही चर्चा या दिशेने ने. कुणी केलं हे शोधण्यात अख्खा दिवस जातो आणि भोक तसंच राहतं.

पहिल्या आठवड्यात टीमला एक प्रश्न विचार: बॅकअप प्रत्यक्ष रिस्टोअर करून शेवटचा कधी पाहिला होता? सगळे एकमेकांकडे बघायला लागले, तर ते काम तू मागून घे. काय म्हणाले ते मला कळव.

तुझी,
आई