मागच्या खोलीच्या विजेविषयी

दादर, मुंबई

तीर्थरूप आई-बाबा यांना साष्टांग नमस्कार.

पार्ल्याच्या घराच्या मागच्या खोलीची लाइन बंद आहे असे आपण सगळेच इतकी वर्षे धरून चाललो आहोत, आणि ती बंद नाही. रविवारी मी जेवढे तपासले त्यावरून याविषयी शंका उरलेली नाही, म्हणून फोनवर अर्धवट सांगण्यापेक्षा सविस्तर लिहीत आहे. वायरमन काम पूर्ण करेपर्यंत त्या खोलीत कोणीही जाऊ नये. आणि आई, पत्र्याच्या छपराच्या कैचीला (आधाराच्या सांगाड्याला) बांधलेल्या तारेवर तू कपडे वाळत घालू नकोस, ही कळकळीची विनंती.

बाबा, हॉलच्या बोर्डावरचा उजवीकडचा किटकॅट (चिनीमातीचा काढता-घालता येणारा फ्यूज) काढला की मागचा दिवा विझतो, म्हणून तुम्ही तो काढून कपाटात ठेवला आहे. दिवा विझतो हे खरे. पण बल्ब जागेवर ठेवून, बटण चालू करून, होल्डरचे झाकण उघडून मी टेस्टर लावला, तेव्हा तो दोन्ही स्क्रूंवर पेटला. किटकॅट फेजमधला, म्हणजे वीज आणणाऱ्या तारेतला, असता तर दोन्हीकडे अंधारच राहिला असता. तो न्यूट्रलमधला, म्हणजे परतीच्या तारेतला, आहे: फेज होल्डरपर्यंत येते, बल्बच्या तारेतून पलीकडे पोहोचते आणि परतीची वाट तुटलेली असल्यामुळे तिथेच थांबते. अशा वेळी बल्ब बदलायला गेलेल्या माणसाचा हात जर ओल्या भिंतीला टेकलेला असेल, तर परतीची वाट त्याच्या अंगातून तयार होते. जुन्या काळी दोन्ही तारांमध्ये फ्यूज घालण्याची पद्धत होती. एकट्या न्यूट्रलमध्ये फ्यूज किंवा स्विच ठेवायला 1956 च्या भारतीय विद्युत नियमांनीच मनाई केली होती, पण जुन्या घरांतल्या बोर्डांना पुन्हा हात कोणी लावला नाही.

याहून गंभीर गोष्ट बाहेरच्या भिंतीवरच्या 15 अँपिअरच्या सॉकेटची आहे, जिथे पूर्वी आपण घरघंटी लावत असू. घराचा मेन स्विच पाडल्यावरही त्या सॉकेटवर लावलेली इस्त्री तापली. मेन बंद असताना मीटरवरचा लाल दिवा स्तब्ध होता. इस्त्री लावताच तो भराभर लुकलुकू लागला आणि काढताच थांबला. मीटरवर 3200 हा आकडा छापलेला आहे, म्हणजे एका युनिटला तो दिवा 3200 वेळा लुकलुकतो, आणि 1000 वॅटच्या इस्त्रीला मिनिटाला 50 च्या वर लुकलुकणे अगदी जुळते. याचा अर्थ ही लाइन मीटरच्या पुढे, पण आपल्या मेन स्विचच्या अलीकडे काढलेली आहे. शोधल्यावर ती पंपाच्या स्टार्टरशेजारच्या लोखंडी स्विचच्या वरच्या टोकांना सापडली. तिथून ती शहाबादी फरशीखालून, जेमतेम वीतभर खोलीवर, मागे गेली आहे. पंपाचा स्विच पाडूनही ती मरत नाही, कारण ती त्याच्याही आधी निघते. हॉलमध्ये बसवलेला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) जाणारा आणि परतणारा प्रवाह ताडून पाहतो आणि फरक पडला की क्षणात पडतो, पण तो त्याच्यामधून जाणाऱ्या प्रवाहापुरताच. ही लाइन त्याच्यामधून जातच नाही.

आता पत्र्याचे सांगते. सॉकेटमधून दिव्याकडे गेलेली वायर लाकडी पट्टीतून निघून पत्र्याच्या कडेवरून वळली आहे. त्या वळणावर रबराचे वेष्टण कडक होऊन त्याला भेगा पडल्या आहेत, आणि एका भेगेतून तांबे उघडे दिसते. ते पत्र्याला टेकले तर पत्रा, कैची आणि तिला बांधलेली कपड्यांची तार हे सगळे जिवंत होईल. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरतो, त्याआधी हे काम व्हायलाच हवे.

बाबा, हे काम आपण घरी करण्यासारखे नाही, तुमचा हात कितीही सराईत असला तरी. त्या लाइनच्या वर फक्त मीटर केबिनमधला कटआउट (कंपनीचा मुख्य फ्यूज) उरतो, त्याला वीज कंपनीचे सील आहे आणि ते आपण तोडायचे नाही. परवानाधारक वायरमन कंपनीकडून तेवढ्यापुरता पुरवठा बंद करून घेईल. पुरवठा खरोखर गेला आहे याची खात्री त्याने मल्टीमीटर किंवा टेस्ट लॅम्प आधी चालू जागी लावून, मग या लाइनवर लावून आणि शेवटी पुन्हा चालू जागी लावून करावी, कारण नुसत्या टेस्टरचा निऑन उजेडात दिसत नाही आणि बिघडला तर गप्प राहून फसवतो. दोन्ही जुन्या लाइनी दोन्ही टोकांनी सोडवून काढून टाकाव्यात. एक टोक भिंतीत लोंबत ठेवलेले मला चालणार नाही. खोलीला वीज हवीच असेल तर एकच नवी लाइन, आरसीसीबीच्या पुढून, फेज-न्यूट्रल एकत्र तोडणाऱ्या डबल पोल एमसीबीमधून (जादा प्रवाहाला आपोआप पडणाऱ्या स्विचमधून), अर्थिंगच्या तारेसह आणि जमिनीखाली आर्मर्ड (धातूचे कवच असलेल्या) केबलने, पाऊण मीटर खोल न्यावी. चालू करण्यापूर्वी 500 व्होल्टच्या मेगरने (वेष्टणाचा रोध मोजणाऱ्या यंत्राने) तपासावी. एक मेगोह्मपेक्षा कमी आले तर त्या लाइनला जोडणी देऊ नये, हे मी त्याला आधीच सांगितले आहे.

खोली भाड्याने दिलेली असताना एक सबमीटर होता, त्याची जागा मला आठवत नाही. बाबा, तो कोणत्या भिंतीवर होता आणि त्याची वायर कुठून आली होती हे आठवले तर कागदावर साधे रेखाटन करून ठेवा, कारण तिसरी एखादी लाइन असेल तर ती तिथेच सापडेल. शनिवारी सकाळी दहाला वायरमन येईल, मी त्याआधी पोहोचते. तोपर्यंत मागच्या दाराला कुलूप लावा, आणि कामाला येणाऱ्या मावशींनाही तिकडे जाऊ देऊ नका.

तुमची,
लेक