न्हाणीघराच्या नळाविषयी मित्रास पत्र

पुणे
दि. 9 नोव्हेंबर 2024

प्रिय मित्रा,
स. न. वि. वि.

तुझे पत्र मिळाले. साताऱ्याच्या घराच्या न्हाणीघरात टाइल्स लावण्यापूर्वी नळ ठरवा, म्हणून प्लंबर तुझ्या मागे लागला आहे, आणि तो बरोबरच सांगतो आहे. पॉइंट, म्हणजे नळ जोडायची पाइपांची तोंडे, एकदा भिंतीत गेले की त्यांची उंची बदलणे म्हणजे पुन्हा फोडाफोड.

तू पाठवलेल्या फोटोतला भिंतीत बसणारा सिंगल लिव्हर डायव्हर्टर (एकाच दांडीने गरम-थंड मिसळून पाणी नळाकडे किंवा शॉवरकडे वळवणारा) देखणा आहे, पण आईंसाठी तो घेऊ नकोस, अशी माझी कळकळीची विनंती आहे. गच्चीवरच्या टाकीतून येणाऱ्या पाण्याचा दाब केवळ उंचीवर ठरतो आणि दहा मीटर उंचीला तो जेमतेम एक बार (बार हे दाबाचे माप) भरतो. तुमचे न्हाणीघर वरच्या मजल्यावर असल्याने टाकीतले पाणी आणि नळ यांत तीन मीटरचे अंतर धरले, तर दाब मिळणार 0.3 बार. इतक्या दाबाने आतल्या अरुंद वाटांतून पाणी जेमतेमच पुढे सरकते. माझ्याकडे असाच नळ होता. 20 लिटरची बादली भरायला सहा मिनिटे लागत आणि डिसेंबरात आमची आई तेवढा वेळ कुडकुडत बसून राही, हे मला अजून बोचते. पुढे नळाची बॉडी भिंतीत गळू लागली तेव्हा चार टाइल्स फोडाव्या लागल्या, आणि तशा टाइल्स पुन्हा कुठेच मिळाल्या नाहीत.

म्हणून भिंतीबाहेर दिसणारा, गरम-थंडाच्या दोन वेगळ्या मुठींचा साधा वॉल मिक्सर घे. त्याच्या दोन तोंडांमधले अंतर बहुधा 150 मिलिमीटर असते. थोडाफार फरक वाकडे कनेक्टर सांभाळून घेतात, पण दोन्ही पॉइंट एका पातळीत नसतील तर मिक्सर कायमचा तिरका दिसतो. गरम पाणी डावीकडे ठेवायला सांग. गीझरला टाकीचे पाणी आणि थंड नळाला नगरपालिकेची थेट लाइन, असे मात्र होऊ देऊ नकोस, कारण सकाळी पाणी सुटले की जोराचे थंड पाणी गरमाला मागे रेटते आणि बादलीत गार पाणीच येते.

आई पाटावर बसून आंघोळ करतात, तेव्हा उंचीही बसूनच ठरव. बादली साधारण सव्वा फूट उंच असते. पाण्याची धार जमिनीपासून दोन फुटांवरून पडली तर शिंतोडे उडत नाहीत आणि मुठीही बसल्या जागेवरून हाताला येतात. स्पाउट, म्हणजे नळाची पाणी पडणारी तोटी, इतका लांब हवा की बादली भिंतीला न घासता त्याखाली मावेल.

मुठीच्या बाबतीत तडजोड करू नकोस. आईंची बोटे सांध्यात दुखतात आणि साबणाच्या हाताने गोल गुळगुळीत मूठ फिरत नाही. पाव वळशात उघडणारी, लांबट दांडीची मूठ मनगटानेही ढकलता येते. तिच्या आत सिरॅमिकच्या दोन चकत्या एकमेकींवर सरकतात. टाकीतली वाळू त्यांच्यात शिरली की चरे पडून नळ ठिबकू लागतो, म्हणून टाकीच्या आउटलेटला जाळीचा फिल्टर बसवच. दुकानात नळ हातात घेऊन पाहा. पितळेचा नळ चांगला जड लागतो, आणि मागच्या तोंडातून आत पाहिले की क्रोमखालचा पिवळा धातू दिसतो.

बोअरच्या पाण्याचे पांढरे क्षार स्पाउटच्या जाळीवर साचतात. ती हाताने आटे फिरवून निघते ना, हे दुकानातच करून बघ. रात्रभर व्हिनेगरमध्ये ठेवली की स्वच्छ होते. आणि बादलीत आधी थंड पाणी सोडायची सवय घरात सगळ्यांना लाव.

प्लंबरकडून दोन्ही पॉइंटमधले अंतर आणि जमिनीपासूनची उंची मोजून घेऊन मला कळव. रविवारी मी साताऱ्याला येतो, आपण बरोबरच दुकानात जाऊ.

आईंना माझा साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा मित्र