येताना माळ्यावरचा तांब्या आणा

पणजी
१२ मे

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

आई, एका वाटीचं आणि दोन आंब्यांचं चित्र काढायला अख्खी सकाळ कशी लागते, असं तू विचारलंस. फोनवर ते धड सांगता आलं नाही, म्हणून लिहितेय.

वेळ जातो तो बघण्यात. वाटी आपण रोज हाताळतो. तोंड गोल, बूड सपाट हे डोक्यात पक्कं असतं आणि हात तेच काढायला जातो. पण खुर्चीत बसून टेबलावरची वाटी बघ, तोंड लंबगोल दिसतं. तीच डोळ्यांसमोर आडवी धर, नुसती एक रेघ उरते. खाली नेशील तसा तो लंबगोल उघडत जातो. म्हणून बुडाची कड तोंडाच्या कडेपेक्षाही जास्त वळवावी लागते. तिथे सरळ रेघ मारली की वाटी टेबलावर बसतच नाही.

मापं घ्यायची रीत सोपी आहे. हात कोपरात ताठ ठेवायचा, एक डोळा मिटायचा आणि पेन्सिलीवर अंगठा सरकवत आंब्याच्या उंचीत वाटी किती बसते ते पाहायचं. आधी प्रमाण, मग आकार, छटा सगळ्यात शेवटी. छटांसाठी डोळे किलकिले करायचे, म्हणजे बारीकसारीक तपशील गळतात आणि उजेड-अंधाराचे मोठे तुकडे तेवढे उरतात.

मानकुराद आंब्याचं तर काय सांगू! खिडकीकडच्या गालावर झळाळी, मग रंग हळूहळू गडद होत जातो, आणि तळाशी अगदी काळोख असणार असं वाटतं तिथेच एक फिकट कड दिसते. खाली अंथरलेल्या पांढऱ्या पंचावरून परतलेला तो उजेड. आंबा पंचाला टेकतो तिथे सावली सर्वात काळी आणि रेखीव, दूर जाईल तशी पुसट. ऊन सरकलं की सावलीही सरकते, म्हणून तिची बाह्यरेषा मी आधीच आखून घेते.

इथे पणजीतल्या फोंतेन्यास भागात चित्रकार आंतोनियो शावियेर त्रिंदाद यांची चित्रं आहेत. जन्म १८७० चा, सांग्याचा. शिकले मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत आणि पुढे तिथेच शिकवलं. माणसांची चित्रं आहेत, पण मी आता चेहऱ्यांआधी कापडाच्या चुण्यांवरचा उजेड बघते. तुम्ही आलात की नक्की जाऊ.

बाबा, खरं म्हणजे हे पत्र तुमच्यासाठी आहे. मोतीबिंदू काढल्यावर तुम्ही मागीलदारी धोतर वाळत घालताना थबकलात आणि म्हणालात, "पांढरा इतका पांढरा असतो होय!" ते माझ्या मनातून जात नाही. असं बघणं शिकायला मला किती खटपट करावी लागते! तुमचे डोळे आत्ता ताजे आहेत, तोवर पेन्सिल हातात घ्याच. हात थरथरतो म्हणून नाही म्हणू नका. रेघ हलकी ठेवून पुन्हा पुन्हा शोधायची असते, एका फटक्यात कुणीच मारत नाही. एचबी, टू-बी आणि सिक्स-बी एवढ्या पेन्सिली पुरतात, त्या मी आणून ठेवल्यात.

सावंतवाडीहून येताना कपाटातली चितारआळीची लाकडी फळं आणा. खरा आंबा चार दिवसांत सुरकुततो, लाकडी महिनाभर तस्साच राहतो. सुरुवातीला बाबांना तोच बरा. आणि माळ्यावरचा पोचा पडलेला तांब्याही आणा. आई, चिंच लावून तो लख्ख करू नकोस हं. काळवंडलेल्या तांब्यात मधेच कुठे चमक उठते, तेच मला काढायचंय.

सकाळची कदंबा बस पकडा, उन्हाआधी पोचाल. मी स्टँडवर येते.

तुमची,
मनू