धर्माचा रकाना आणि आमच्यावरचा लेख

महोदय,

कालच्या पुरवणीतला ‘ओळख हरवलेली पिढी’ हा लेख रात्री वाचला, सकाळी पुन्हा वाचला. राग कमी झाला नाही, म्हणून हे पत्र. दोन धर्मांतल्या आईवडिलांची मुलं धड ना इकडची ना तिकडची राहतात, मोठेपणी भरकटतात, असं लेखकांनी ठामपणे लिहिलं आहे. अशा एखाद्या मुलाशी ते बोलले असतील, असं मात्र लेखात कुठेच दिसत नाही. मी त्यातलीच एक. वडील मराठी, हिंदू. आई मिझो, ख्रिस्ती. मी बारावीत शिकते आणि मी भरकटलेली नाही.

मला त्रास झाला तो कुठे, ते सांगते. अकरावीच्या प्रवेशाला कागदपत्रं तपासून घ्यायला आई माझ्यासोबत आली होती. खिडकीतल्या मॅडमनी तिच्याकडे पाहून हिंदीत विचारलं, पासपोर्ट आणलाय का? आई इथल्याच एका रुग्णालयात नर्स आहे. रात्रपाळीत पेशंटच्या नातेवाइकांची समजूत ती मराठीतच काढते. तिने मराठीतच सांगितलं, ‘आम्ही भारतातलेच आहोत, कुठला कागद कमी आहे तेवढं सांगा.’ मॅडम काही बोलल्या नाहीत. त्यांनी अर्ज पुढे ओढला आणि आईच्या नावापुढे वडिलांचं आडनाव जोडलं. मिझो नावाला आडनाव नसतं. बाईच्या नावाच्या शेवटी ‘ई’ येते, पुरुषाच्या ‘आ’, तेवढ्यावर त्यांचं सगळं चालतं. मग त्यांचं पेन धर्माच्या रकान्याशी थांबलं. तो मी मुद्दाम रिकामा ठेवला होता. ‘हे राहिलंय,’ म्हणत त्यांनी तिथे ‘हिंदू’ लिहून टाकलं. मी म्हटलं, मॅडम, राहिलेलं नाही, मला तिथे काही लिहायचं नाहीये. ‘असं चालत नाही. वडिलांचा तोच तुझा.’ आई माझ्या शेजारीच उभी होती. तिला त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही. मागे रांग वाढत होती. आईने माझा दंड धरला आणि आम्ही शिक्का घेऊन बाहेर आलो.

‘हिंदू’ या शब्दाचा मला राग नाही. तो माझ्या आजीचा धर्म आहे, बाबांचा आहे. राग आला तो माझ्या आईला पेनाच्या दोन फटकाऱ्यांत माझ्या आयुष्यातून वजा केलं गेलं, याचा.

आणि रकाना रिकामा ठेवलेला चालतो. मुंबई उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०१४ मध्येच सांगितलं आहे की कुठल्याही अर्जात धर्म लिहायची सक्ती सरकारला करता येत नाही, आणि ‘मी कोणताच धर्म मानत नाही’ असं म्हणायचा हक्कही घटनेच्या कलम २५ मध्ये येतो. २०११ च्या जनगणनेत २८ लाखांहून जास्त माणसांचा धर्म नोंदलेला नाही. प्रवेशाच्या खिडकीवर बसणाऱ्यांपर्यंत हे अजून का पोहोचलेलं नाही, यावर तुमच्या लेखकांनी लिहायला हवं होतं.

मी देव मानते का? अजून कळलेलं नाही. मी रविवारी चर्चला जाणं सोडलं, त्यावरून आई आणि मी कडाडून भांडलो. आजीला वाटलं, नात आपल्या बाजूला आली. मग मी सत्यनारायणाच्या पूजेला बसले नाही, तेव्हा तीही रुसली. परीक्षेच्या आदल्या रात्री धडधड व्हायला लागली की आईने लहानपणी शिकवलेली मिझो प्रार्थना आपोआप तोंडात येते. ती श्रद्धेने येते की सवयीने, याचा मी खूप विचार करते आणि अडकते. पण माझ्या मैत्रिणीही अशाच अडकतात, आणि त्यांच्या घरात एकच धर्म आहे. त्यांच्याबद्दल कुणी लेख लिहीत नाही.

वंशभेद हा अमेरिकेचा प्रश्न, आपला नव्हे, हे वाक्य तर तुम्ही छापायलाच नको होतं. माझे डोळे आईवर गेले आहेत. मार्च २०२० मध्ये मी सहावीत होते. जिन्यात एका काकूंनी मला पाहून आपल्या मुलाला मागे खेचलं आणि तो मुलगा ‘कोरोना, कोरोना’ ओरडला. आम्ही दोघं आदल्या आठवड्यापर्यंत एकत्र खेळत होतो. असे प्रकार देशभर इतके झाले की त्याच महिन्यात केंद्रीय गृह मंत्रालयाला राज्यांना पत्र पाठवावं लागलं. त्याआधी २०१४ मध्ये अरुणाचलच्या निडो तानियाचा दिल्लीत मारहाणीनंतर मृत्यू झाला आणि ईशान्येकडच्या लोकांच्या प्रश्नांवर बेझबरुआ समिती नेमली गेली. ईशान्येचा इतिहास शाळेत शिकवा, हे त्या समितीने तेव्हाच सांगितलं. माझ्या वर्गात मिझोराम नकाशावर दाखवता येणारी मुलं फार थोडी आहेत.

लेखात ‘एक वंश, एक श्रद्धा, तरच मन स्थिर’ असाही सूर आहे. लेखकांनी उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाकडे पाहावं. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून आले. आज त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, आणि तरी सगळे सिद्दीच आहेत. इथिओपियात जन्मलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला, त्याने खडकी शहर वसवलं, तेच आजचं छत्रपती संभाजीनगर. हे आम्हाला इतिहासात शिकवतात. त्याला कुणी ‘धड ना इकडचा ना तिकडचा’ म्हणत नाही.

आणखी एक. लेखासोबतच्या फोटोखाली ‘पारंपरिक वेशातील मिझो युवती’ असं छापलं आहे. त्या मुलींच्या अंगावर नागा शाली आहेत. आईने पेपर उघडला आणि पहिल्यांदा तेच पाहिलं. ती काही बोलली नाही, पण मी बोलणार आहे. मिझो बाईचं वस्त्र पुआन असतं, आणि एक फोन केला असता तर कुणीही सांगितलं असतं. उद्याच्या अंकात दुरुस्ती द्या, आणि ती लेखाच्याच पानावर, दिसेल अशी द्या.

पत्राखाली माझं नाव छापू नका. आडनाव पाहून लोक पुन्हा तोच रकाना भरतील.

– बारावीतली एक विद्यार्थिनी