हसण्यापुरती जागा

प्रिय मित्रा,

तुझं पत्र काल मिळालं. बाबांचा आवाज रेकॉर्ड करून ठेवायचं मनावर घेतलंस, फार बरं वाटलं. आता ते उद्यावर ढकलू नकोस. सॅम्पल रेट ९६ किलोहर्ट्झ ठेवू की १९२, यावर गाडी अडली आहे म्हणतोस. अरे, ४८ ठेव आणि कामाला लाग.

सॅम्पल रेट म्हणजे सेकंदाला आवाज किती वेळा मोजला तो आकडा. जितक्या कंपनांपर्यंतचा आवाज टिपायचा, त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं. माणसाच्या कानाची धाव फार तर २० किलोहर्ट्झपर्यंत (सेकंदाला २० हजार कंपनं), म्हणून सीडीला ४४.१ पुरले. (हा आकडा आला व्हिडिओ टेपवरून. सुरुवातीला डिजिटल आवाज तिच्यावरच साठवत: एका ओळीत ३ नमुने, अशा २४५ ओळी, सेकंदाला ६० वेळा. गुणून बघ!) व्हिडिओत ४८ चालतं, पुढेमागे कुणी चित्रं जोडली तर सोपं जाईल. १९२ने बाबांचा आवाज तसूभरही स्पष्ट होणार नाही, फाइल मात्र चौपट होईल.

खरी मेख बिट डेप्थमध्ये आहे, म्हणजे प्रत्येक मोजणी किती बारीक पायऱ्यांत नोंदवली जाते त्यात. ते मी आईच्या आवाजावर शिकलो, म्हणून पोटतिडकीने सांगतोय. पहिल्या दिवशी १६ बिटवर लेव्हल, म्हणजे आवाजाची पातळी, पार शून्याला भिडवून ठेवली होती. (डिजिटलमध्ये शून्य डेसिबल हेच सर्वात वरचं टोक, बाकी सगळं त्याखाली, उण्यात.) बोलता बोलता आईला लहानपणचं काही आठवलं आणि ती खळखळून हसली. ते हसू फाटलं. स्क्रीनवर लाटांचे माथे आजही सुरीने कापल्यासारखे सपाट दिसतात. शून्याच्या वरचं मोजलंच जात नाही, मग परत आणणार कुठून? दुसऱ्या दिवशी धास्तीने गेन (माइकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते) इतका उतरवला, की तिचा आवाज उणे ५० डेसिबलच्या आसपास घुटमळत राहिला. एका बिटामागे साधारण ६ डेसिबल धर. म्हणजे १६ पैकी ८ बिट फुकट गेले. नंतर आवाज वाढवला, तर दोन वाक्यांमधल्या शांततेत खरखर वर आली.

२४ बिट घेतलेस की ही ओढाताण संपते. १६ बिटमध्ये ६५,५३६ पायऱ्या, इथे १ कोटी ६७ लाखांहून अधिक. हिशेबाने १४४ डेसिबलचा पल्ला. प्रत्यक्षात यंत्राची स्वतःची खरखर त्याआधीच आडवी येते, तरी मोकळी जागा मुबलक उरते. साधं बोलणं उणे २०च्या आसपास राहू दे आणि मोठ्यात मोठा आवाजही उणे १२च्या वर जाऊ देऊ नकोस. ४८ आणि २४ला एका माइकचा तासभराचा आवाज ५२० एमबीच्या आत मावतो. मूळ फाइल तशीच जपून ठेव. १६ बिटची प्रत लागलीच, तर सगळं संपादन झाल्यावर, डिदर (पायऱ्या कमी करताना येणारी विकृती झाकणारी अगदी हलकी खरखर) लावून काढ.

बाबांचं गडगडाटी हसणं मला चांगलं आठवतं. आधी त्यांना एकदा पोटभर हसव, लेव्हल बघ, आणि मग रेकॉर्डचं बटण दाब.

तुझाच