लेकीच्या इतिहासाच्या बाईंना

आदरणीय बाई,

सादर नमस्कार.

लेक तुम्हाला हे इंग्रजीत सांगेलच. तरी मराठीत लिहितेय, कारण इथे न्यू जर्सीत आणि तिकडे पुण्या-नाशकात मुलांना शाळेत पाठवणारी माझी माणसं हे वाचतील. तुम्ही काय केलंत ते त्यांनाही कळायला हवं.

अमेरिकेत आल्यावर ती आधी ज्या शाळेत होती, तिथे 'हिला इथल्या इतिहासाची पार्श्वभूमी नाही' असं ठरवून टाकलं होतं. बाकीचा वर्ग चर्चा करायचा आणि हिच्या हातात गाळलेल्या जागा भरायचा कागद. राष्ट्राध्यक्षांची यादी पाठ कर म्हणाले. मी भेटायला गेले, तर 'तिला झेपेल तेवढंच देतो' हे उत्तर मिळालं. त्याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. शाळेत हिरिरीने बोलणारी माझी पोर घरीसुद्धा गप्प झाली होती.

तुमच्या वर्गात तिला पहिल्यांदा मिळाली ती एका जुन्या जाहिरातीची झेरॉक्स. 1769 सालची, 'व्हर्जिनिया गॅझेट'मधली. सँडी नावाचा गुलाम पळालाय, वय सुमारे पस्तीस, जोडे शिवतो, डावखुरा आहे, पकडून आणणाऱ्याला बक्षीस. खाली नाव थॉमस जेफरसन. सोबत 1776 चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, त्याच माणसाच्या लेखणीतून उतरलेला. तुम्ही निष्कर्ष सांगितला नाहीत. कोणी लिहिलं, कोणासाठी, कधी, कशासाठी, आणि यात कोणाचं म्हणणं आलेलं नाही, एवढंच विचारलंत. त्या दिवशी घरी आल्यावर दप्तरही न उतरवता ती माझ्याशी सँडीबद्दल बोलत होती.

मग जॉर्डन अँडरसनचं पत्र आलं. ते तिने मला स्वयंपाकघरात मोठ्याने वाचून दाखवलं. 1865 मध्ये जुना मालक म्हणतो, टेनेसीला परत कामाला ये. गुलामीतून सुटलेला जॉर्डन ओहायोतल्या डेटनहून कळवतो, आधी आमची मागची मजुरी पाठवा: माझी बत्तीस वर्षांची महिना 25 डॉलरने, बायको मँडीची वीस वर्षांची आठवड्याला 2 डॉलरने, एकूण 11,680 डॉलर. आमचे कपडे, माझ्यासाठी डॉक्टर तीनदा आला ते आणि मँडीचा एक दात काढला त्याचे पैसे त्यातून वजा करा! लेकीने वहीच्या कोपऱ्यात गुणाकार करून पाहिला. बेरीज बरोबर निघाली. 'आई, याने सगळा हिशेब ठेवला होता गं,' म्हणाली आणि पुढे तिला वाचवेना.

पण मला आभार मानायचेत ते त्यापुढच्या गोष्टीचे. आमच्या घरी महात्मा फुल्यांच्या 'गुलामगिरी'ची प्रत आहे. 1873 च्या या पुस्तकाची अर्पणपत्रिका इंग्रजीत आहे आणि ती अमेरिकेतल्या भल्या लोकांना आहे, त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी जे सोसलं त्याबद्दल. लेक ते पान भीतभीतच घेऊन आली तुमच्याकडे. 'छान, तुमच्या संस्कृतीबद्दल सांगितल्याबद्दल आभार' म्हणून तुम्ही ते परत दिलं असतंत, तरी कोणी नाव ठेवलं नसतं. बहुतेक जण तेच करतात.

तुम्ही दुसऱ्या दिवशी त्या पानाच्या सगळ्या वर्गासाठी झेरॉक्स काढल्यात. त्या आठवड्याचे कागद ए ते एफ होते. या पानाच्या वरच्या कोपऱ्यात तुम्ही पेनने 'डॉक्युमेंट जी' लिहिलंत. बाकीच्या कागदांना लावलेले प्रश्न त्यालाही लावलेत, जराही सूट न देता. पुण्यात हे छापलं जात होतं त्याच वर्षी, एप्रिलमध्ये, लुइझियानात कोलफॅक्सच्या कोर्टापाशी गोऱ्यांच्या जमावाने कृष्णवर्णीयांची कत्तल केली, त्याबद्दलचा कागदही शेजारी ठेवलात. लेकीने विचारलं, फुल्यांना हे कळलं असेल का? तुम्ही म्हणालात, 'मला माहीत नाही. ते शोधायला कुठले कागद बघावे लागतील?'

बाई, पोरगी त्यानंतर कितीतरी दिवस जुनी वर्तमानपत्रं धुंडाळत होती. पार्श्वभूमी नसलेली म्हणून जिला कोपऱ्यात बसवलं होतं, तिच्या घरातलं पान तुम्ही जेफरसनच्या कागदाइतक्याच गंभीरपणे वाचलंत. सोळा वर्षांच्या मुलीला 'मला माहीत नाही' असं सरळ सांगायला मोठं मन लागतं. अशी माणसं अजून शाळाशाळांतून आहेत, थोडी आहेत पण आहेत, आणि त्यांच्याच भरवशावर आम्ही परक्या देशात मुलं सोपवतो.

तो 'जी' लिहिलेला कागद तिने फाईलला लावलेला नाही, टेबलासमोर भिंतीवर चिकटवलाय. धाकटा पुढच्या वर्षी तुमच्या शाळेत येतोय. तो तुमच्याच वर्गात यावा म्हणून मी ऑफिसात अर्ज दिलाय. जमलं तर तुम्हीही एक शब्द टाका.

आपली कृतज्ञ,
तुमच्या विद्यार्थिनीची आई