कोड उघडा आहे, पण बघतंय कोण?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

कुठेतरी सायबर हल्ला झाला की बातमीत दोन वाक्यं ठरलेली असतात, एक म्हणजे 'ओपन सोर्स सॉफ्टवेअरमधल्या त्रुटीमुळे' आणि दुसरं म्हणजे 'ग्राहकांचा डेटा क्लाउडवर सुरक्षित असल्याचं कंपनीने सांगितलं'. मी सर्व्हर सांभाळायचं काम करतो आणि ही दोन वाक्यं वाचून वाचून कंटाळलोय, म्हणून शेवटी लिहायला बसलो. पत्र जरा लांबेल, कापायचं असेल तर कापा.

माझं म्हणणं एवढंच आहे की कोड उघडा आहे (म्हणजे ओपन सोर्स, कुणालाही वाचता येणारा) का बंद आणि मशीन आपलं आहे का भाड्याचं (म्हणजे क्लाउड), यावर सुरक्षितता ठरत नाही, ती ठरते त्याची देखभाल कोण करतंय यावर. आणि बहुतेक ठिकाणी उत्तर असतं, कुणीच नाही, किंवा कुठेतरी बसलेला एक दमलेला माणूस.

हार्टब्लीडचंच घ्या. एप्रिल 2014 मध्ये ओपनएसएसएलमधली ही चूक जाहीर झाली. ब्राउझरमध्ये कुलपाचं चिन्ह दिसतं ना, त्यामागचं एन्क्रिप्शनचं काम असंख्य वेबसाइटवर हीच लायब्ररी, म्हणजे इतरांनी वापरायचा तयार कोड, करते. चूक म्हटली तर अगदी साधी. समोरून मेसेज येतो की 'मी अमुक इतकी अक्षरं पाठवलीत, तेवढीच परत पाठव', आणि सर्व्हर खरंच तेवढी आलीत का हे मोजायचाच नाही. एक अक्षर पाठवून 64 केबी मागितले की बाकीचं तो आपल्या मेमरीतून भरून द्यायचा, त्यात कुणाचे पासवर्ड, कुणाच्या सेशन कुकी (लॉगिन झाल्याची खूण), नशीब फुटकं असेल तर सर्व्हरची प्रायव्हेट की, म्हणजे एन्क्रिप्शनची गुप्त किल्ली सुद्धा. हा कोड 2012 पासून सगळ्या जगासमोर उघडा पडला होता, हवा त्याने वाचावा, पण वाचलाच नाही ना कुणी नीट! नंतर कळलं की एवढ्या मोठ्या प्रोजेक्टला वर्षाकाठी देणग्या यायच्या साधारण 2000 डॉलर आणि पूर्णवेळ काम करणारा माणूस होता एक. याला म्हणतात लष्कराच्या भाकऱ्या भाजणं, आणि ते लष्कर म्हणजे जगातल्या बड्या बड्या कंपन्या, ज्यांच्या गल्ल्यात याच लायब्ररीच्या जोरावर पैसा येत होता. बोंबाबोंब झाल्यावर मग लिनक्स फाउंडेशन या ओपन सोर्सला आधार देणाऱ्या संस्थेमार्फत निधी उभा राहिला.

त्यातून शिकले म्हणावं तर 2024 मध्ये एक्सझेड झालं. ही फाइल कॉम्प्रेस करायची छोटी लायब्ररी, लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम वापरणाऱ्यांकडे सगळीकडे असते आणि तिच्याकडे कुणाचंही लक्ष नसतं. सांभाळणारा एकच, त्यानेच लिहिलं होतं की हा बिनपगारी छंदाचा प्रोजेक्ट आहे. मग 'जिया टॅन' या नावाने कुणीतरी मदतीला आलं, दोनेक वर्षं इमानेइतबारे चांगले पॅच, म्हणजे कोडमधल्या दुरुस्त्या, पाठवले, मधेच भलतेच लोक येऊन मूळ माणसाच्या मागे लागले की तुला जमत नसेल तर दुसऱ्याच्या हातात दे. शेवटी त्याने या मदतनिसाला अधिकार दिले, आणि 5.6.0 आणि 5.6.1 या व्हर्जनमध्ये चोरून आत शिरायचं मागचं दार बसलं. बसवलं कुठे तर टेस्टिंगसाठीच्या बायनरी (माणसाला वाचता न येणाऱ्या) फाइलमध्ये, आणि ते उघडणारा तुकडा फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (डाउनलोड करायच्या गठ्ठ्यात), गिटवर, म्हणजे कोडच्या सार्वजनिक साठ्यात, बघणाऱ्याला दिसायचाच नाही. पकडलं आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने. तो शोधत होता भलतंच, पोस्टग्रेस या डेटाबेसचा परफॉर्मन्स मोजत होता, तर एसएसएच लॉगिन (दुरून सर्व्हरवर शिरायची सोय) अर्धा सेकंद जास्त घेतंय आणि सीपीयू उगाच खातंय असं त्याला दिसलं. अर्धा सेकंद हो! तुम्ही आम्ही 'नेट स्लो असेल' म्हणून सोडून दिलं असतं.

यावर 'बघा, ओपन सोर्स असंच असतं' म्हणणाऱ्यांना एक विचारतो, तोच प्रकार बंद सॉफ्टवेअरमध्ये झाला असता तर फ्रॉइंडने उघडून काय बघितलं असतं? कंपनीला ईमेल टाकून उत्तराची वाट बघत बसला असता. आणि बंद म्हणजे भक्कम असंही नाही. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने साधारण 85 लाख विंडोज मशीन झोपवली, तिथे हॅकर सुद्धा नव्हता.

खरं दुखणं वेगळंच आहे. लोकांच्या कर्जाच्या नोंदी ठेवणाऱ्या इक्विफॅक्स या अमेरिकन कंपनीतून 2017 मध्ये 14 कोटींहून जास्त लोकांची माहिती गेली, खापर फुटलं अपाचे स्ट्रट्स या ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर, पण त्या त्रुटीचा पॅच मार्चमध्येच आला होता आणि चोर आत शिरले मेमध्ये. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या वॉनाक्रायचंही तसंच, मायक्रोसॉफ्टचा विंडोजसाठीचा पॅच मार्च 2017 चा आणि धुमाकूळ मेमधला. एक उघडं, एक बंद, कारण तेच, पॅच होता आणि लावला नाही. का लावला नाही तर रीस्टार्टला परवानगी मिळत नाही, 'चालू सिस्टिमला हात लावू नका' असं वरून येतं, आणि ती लायब्ररी आपल्याकडे नक्की कुठे कुठे वापरलीय याची यादीच नसते. डिसेंबर 2021 मध्ये लॉग4जे या नोंदी ठेवणाऱ्या लायब्ररीचा घोळ निघाला तेव्हा तेच झालं, पॅच लावणं नंतर, आधी ती आपल्याकडे आहे का हेच शोधत बसलेले लोक.

आता क्लाउड. हे प्रकरण लोकांना फारच जादूचं वाटतं. मी स्वतः रोज वापरतो, सोयीचंच आहे, दहा सर्व्हर पाहिजे तर दहा मिनिटांत मिळतात. पण कंपन्या करारातच सांगतात की इमारत, वीज, हार्डवेअर आमचं, तुमचा डेटा आणि तुमची सेटिंग तुमची. ते पान कोण वाचतो म्हणा. मार्च 2021 मध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएच या क्लाउड कंपनीचं एक अख्खं डेटा सेंटर जळालं, तेव्हा काहींचा बॅकअपही त्याच आगीत गेला. उलट मे 2024 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या पेन्शन फंडाची क्लाउडवरची सिस्टिमच गूगलच्या बाजूच्या चुकीने उडाली, तरी फंड परत उभा राहिला आणि त्यात दुसऱ्याच कंपनीकडे ठेवलेल्या बॅकअपचीही मदत झाली. आणि अ‍ॅमेझॉनचा 2017 चा किस्सा तर मला फार आवडतो, कमांड चुकीची टाइप झाली, एस3 ही त्यांची फाइल साठवायची सेवा बंद पडली, आणि 'आमची सेवा बंद आहे' हे दाखवणारं त्यांचं पानच एस3 वर अवलंबून असल्यामुळे ते अपडेट करता येईना.

मीटिंगमध्ये मी एकदा विचारलं होतं, बॅकअप रोज होतो हे ठीक, पण तो रिस्टोर करून कधी बघितलाय का? सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले.

पैशाचं भांडणही यातच गुंतलंय. क्लाउड कंपन्यांनी ओपन सोर्स डेटाबेस घ्यायचा, आपल्या क्लाउडवर भाड्याने द्यायचा, मूळ टीमला काही नाही, आयत्या बिळावर नागोबा. चिडून असं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या इलॅस्टिकने 2021 मध्ये लायसन्स (कोड वापरायच्या अटी) बदललं, रेडिसने 2024 मध्ये. राग समजतो, पण बाहेरच्या शेकडो लोकांनी ज्या जुन्या अटींवर कोड दिला त्या अटी कंपनीला परवडेना म्हणून फिरवायच्या हे मला तरी पटत नाही. रेडिसच्या बाबतीत लोकांनी लगेच वाल्की नावाने वेगळी चूल मांडली, आणि 2025 मध्ये रेडिसने एजीपीएल हे ओपन सोर्स लायसन्स घेऊन परत ओपन सोर्सची वाट धरली.

तुमच्या बातमीदारांना एकच विनंती. पुढच्या वेळी कुठल्या कंपनीचा डेटा फुटला की सॉफ्टवेअर ओपन सोर्स होतं का हे नंतर विचारा, आधी दोन तारखा विचारा, पॅच कधी आला आणि तुम्ही तो कधी लावला. उत्तर मिळालं नाही तर तेही छापा.

कळावे,
आपला एक वाचक